वाळूवरची वाट

आमच्या घरात धुण्याचे दोन ढीग असायचे. एक आम्हा सगळ्यांचा आणि एक एकट्या अप्पांचा. अप्पांच्या कपड्यांना गाड्यांच्या काळ्या ऑइलचा वास यायचा, आणि हा वास एकदा माझ्या लुगड्याला लागला की बाया मला गॅरेजवाली म्हणतील, असं माय म्हणायची. म्हणून वडलांचे कपडे वेगळे, बादली वेगळी, साबण वेगळा, वाळत घालायची दोरीसुद्धा वेगळी. भावसिंगपुऱ्यातल्या आमच्या घरामागं शेवग्याच्या झाडापासून मोरीच्या भिंतीपर्यंत ती दोरी बांधलेली होती. मला वाटायचं, सगळ्यांच्याच वडलांची वेगळी दोरी असते. एकदा शाळेतल्या मैत्रिणीकडं सगळ्या घरादाराचे कपडे एकाच दोरीवर बघितले तर मी तिला विचारलं, तुझे वडील कामाला जात नाहीत का गं? ती पुढं कितीतरी दिवस माझ्याशी बोलली नाही. आता मी बंगळुरूत असते, एका बड्या मैदानावर पोरींना गोल्फ शिकवते, आणि रस्त्यानं जाता जाता एखाद्या मेकॅनिकच्या दुकानासमोर माझे पाय आपोआप थांबतात. तो बिचारा हात पुसत बाहेर येतो आणि गाडी कुठंय म्हणून विचारतो. गाडी नसतेच. मी उगाच टायरचा भाव विचारते आणि पुढं निघते.

अप्पा छावणीतल्या गोल्फच्या मैदानावर कामाला होते. कागदोपत्री माळी, पण तिथं माळ्यानं सांभाळावं असं फारसं काही उगवतच नव्हतं. जगात सगळीकडं गोल्फच्या खड्ड्याभोवती बारीक कापलेली हिरवळ असते, तिला ग्रीन म्हणतात. आमच्या गावात माणसांच्या नळालाच पाणी आठवड्यानं यायचं, तिथं गवताला कोण पाजणार? म्हणून आमच्याकडं ग्रीन नव्हते, ब्राऊन होते. चाळलेली बारीक रेती, तिच्यात लष्करी गाड्यांमधून काढलेलं जळकं ऑइल, दोन्ही फावड्यानं कालवायचं, गोल पसरायचं आणि वरून रोलर फिरवायचा. ऑइलनं रेती दबून बसते आणि चेंडू तिच्यावरून बरा पळतो. पण माणूस चालला की बुटांचे ठसे उमटतात. त्यासाठी प्रत्येक ब्राऊनच्या कडेला एक लांब दांडा असायचा, त्याच्या टोकाला आडवी फळी आणि फळीला काथ्याच्या पायपुसण्याचा तुकडा ठोकलेला. साहेब लोक त्याला काहीतरी इंग्रजी नाव घ्यायचे, आम्ही पोतेरं म्हणायचो. चेंडू ब्राऊनवर आला की सोबतच्यांपैकी कुणीतरी पोतेरं उचलायचं, चेंडूपासून खड्ड्यापर्यंत एक सरळ पट्टा ओढून ठसे मोडायचं, आणि मग ज्याची पाळी तो खेळायचा. ब्रिगेडिअर असो की नवा कोरा लेफ्टनंट, दुसऱ्याची वाट ओढून द्यायला कुणाला कमीपणा वाटत नसे. घरी आलेल्याला आधी पाणी द्यावं, इतकी ती साधी गोष्ट होती.

मी या खेळात आले ती अप्पांचा डबा घेऊन. सकाळी शाळेच्या आधी माय भाकरी, येसराची आमटी आणि कांदा बांधून द्यायची आणि मी सायकलवर छावणीत जायची. फाटकावरचा शिपाई मला ओळखायचा. आत शिरलं की आधी लांबून बिगुल ऐकू यायचा, मग मोर, आणि मग रेतीवरून काथ्या ओढल्याचा तो खर्र असा लांब आवाज. त्या आवाजाच्या दिशेनं गेलं की अप्पा सापडायचे. ते जेवायचे तेवढ्या वेळात मी त्यांचं पोतेरं घेऊन ब्राऊनवर नक्षी काढायची आणि शिव्या खायची. एक दिवस तिथं एक मोडक्या दांड्याची काठी मिळाली आणि मी खाली पडलेला चेंडू मारून बघितला. तो कुठं गेला ते दिसलंच नाही. लांब झाडाखाली एक बाई खेळत होत्या, त्यांनी मात्र बघितलं. त्या एका कर्नलसाहेबांच्या पत्नी, आम्ही त्यांना कर्नलीणबाई म्हणायचो. बाई जवळ आल्या, माझ्या मनगटाला धरून हात वळवून बघितले, जनावराचे दात बघावेत तसे, आणि अप्पांना हिंदीत म्हणाल्या, ही पोरगी उद्यापासून माझ्याकडं पाठवा. अप्पांना वाटलं घरकामाला बोलावतात. त्यांनी सांगितलं की मेमसाब, ती शाळेत जाते, भांडीबिंडी नाही करायची. बाई इतक्या हसल्या की त्यांची टोपी पडली.

पुढची वर्षं मी कशी सांगू? ती मला आठवतात ती कपड्यांच्या वासासकट. आता माझ्याही कपड्यांना ऑइल लागायचं आणि मागच्या दोरीवर माझे कपडे अप्पांच्या शेजारी वाळायचे. मला त्याचा केवढा गर्व होता. संध्याकाळी साहेब लोक निघून गेले, की शेवटच्या ब्राऊनवर आम्ही दोघंच. अप्पांची कामाची वेळ संपलेली असायची, पण ते थांबायचे. मी चेंडू टाकायची, ते पोतेरं घेऊन उलट्या पावलांनी खड्ड्याकडं जायचे, वाट ओढायचे, कडेला सरकायचे आणि म्हणायचे, "हं, मार." एवढंच. कसं मारायचं हे त्यांनी कधी सांगितलं नाही, कारण त्यांना ते येतच नव्हतं. आयुष्यात त्यांनी एकदाही काठी धरली नाही. पण ते "हं, मार" म्हणेपर्यंत मी हलायची नाही. दिवस मावळायला लागला की दौलताबादच्या बाजूनं आभाळ लाल व्हायचं, रेतीवर आमच्या सावल्या लांब व्हायच्या, आणि वाटेत सावली येऊ नये म्हणून अप्पा आणखी लांब सरकायचे. मला आजही चेंडूसमोर उभं राहिल्यावर क्षणभर थांबायची सवय आहे. टीव्हीवाले म्हणायचे, काय एकाग्रता आहे बघा. एकाग्रता कसली डोंबलाची! मी वाट बघत असायची.

मी स्पर्धा जिंकायला लागले तेव्हा घरात घड्याळं यायला लागली. हौशी खेळाडूला पैसे घेता येत नाहीत, वस्तू देतात. हे कर्नलीणबाईंनी समजावलं तेव्हा मायला ते फार विनोदी वाटलं. भिंतीवर घड्याळं, कपाटावर घड्याळं, एक तर मोरीजवळ लावलेलं. सगळी आपापल्या मर्जीनं चालायची आणि पाचोडहून मामा आला की विचारायचा, आक्के, यातलं खरं कोणतं? चहाचे सेट आले ते मायनं नात्यातल्या लग्नात देऊन टाकले, त्यामुळं आमचा आहेर भारी म्हणून नावाजला गेला. एकदा ओव्हन मिळाला. मायनं त्यात वर्षभर लसूण आणि सुक्या मिरच्या ठेवल्या. बुद्धपौर्णिमेला ती खीर करायची, माझं नाव सुजाता म्हणून ती माझ्याच हातानं विहारात पाठवायची, आणि परत आले की तिचं ठरलेलं बोलणं सुरू. पोरी, घड्याळ खाता येत नाय. वाळूजच्या कंपनीत खेळाडूंच्या जागेवर घेतो म्हणालेत, ऑफिसात बसायचं काम हाय, पंखा हाय, व्हय म्हण. ती चुकीचं बोलत नव्हती. वस्तीतल्या माझ्या वयाच्या मुली कामाला लागल्या होत्या, आणि मी अजून ऊन अंगावर घेत काठ्या फिरवत होते.

तेव्हा कर्नलसाहेबांची बदली निघाली. जायच्या आधी बाईंनी मला बंगल्यावर बोलावलं आणि स्पष्ट सांगितलं, की हौशी म्हणून तू घड्याळं गोळा करत म्हातारी होशील, आता व्यावसायिक हो. त्यासाठी पुण्यात परीक्षा असते, तीन दिवस खेळायचं, जितके फटके कमी तितकं बरं, ठरलेल्या रेघेच्या आत आलीस तर कार्ड मिळतं, मग देशभर कुठंही खेळ. मायशी बोलणं झालं. भांडण नाही, बोलणंच, पण दोन दिवस घरात तव्याचे आवाज मोठे येत होते. शेवटी ठरलं ते असं, की एकदा जायचं. कार्ड मिळालं तर गोल्फ, नाही मिळालं तर वाळूज, आणि मग पुन्हा काठीचं नाव काढायचं नाही. मी कबूल केलं आणि वर एक अट घातली. बॅग उचलायला अप्पा पाहिजेत. बाहेरच्या स्पर्धांत मी तिथलाच कॅडी घ्यायची. चांगले असायचे ते, पण ते माझे कुणी नव्हते. आयुष्याचा निकाल लागायचा तर तो अप्पा शेजारी असताना लागावा, एवढंच मला वाटत होतं.

अप्पा घाबरले. म्हणाले, मला तिथलं काय कळतंय? कर्नलीणबाईंनी मग बंगल्याच्या हिरवळीवर त्यांची शिकवणी घेतली. कुणी मारत असताना हलायचं नाही, खोकायचं नाही, सावली पाडायची नाही, खड्ड्यातला झेंडा असा धरायचा, दुसऱ्याच्या चेंडूच्या रेषेत पाय ठेवायचा नाही. अप्पा हातात केरसुणीचा दांडा झेंडा म्हणून धरून ताठ उभे राहायचे आणि दर वाक्याला जी मेमसाब म्हणायचे. बाईंनी सगळं सांगितलं. एक गोष्ट तेवढी सांगितली नाही, कारण ती सांगायची असते हे बाईंच्या ध्यानातच आलं नाही, आणि माझ्याही नाही. त्या काळी गवताच्या ग्रीनवर चेंडूपुढच्या रेषेतले बुटांचे ओरखडे दाबून सपाट करायला सक्त मनाई होती. केलं तर दोन फटक्यांचा दंड, मग ते खेळाडूनं करो की त्याच्या कॅडीनं. मी बाहेर गवतावर खेळले होते, मला नियम पाठ होता. बाहेरचे कॅडी ते जन्मापासून जाणत. पण अप्पांच्या हाताला जन्मभर उलटंच शिकवलेलं होतं, हे तिथं हिरवळीवर हसत बसलेल्या आम्हा दोघींपैकी एकीलाही सुचलं नाही.

मायनं धपाटे करून दिले, लसणाची चटणी आणि दह्याचा डबा. एसटीनं पुण्याला गेलो. मैदानावर पाय ठेवल्या ठेवल्या अप्पा उभेच राहिले. मग खाली वाकून गवतावरून हात फिरवला आणि विचारलं, एवढं पाणी कुठून आणतेत हे? पहिल्या दिवशी ते सगळ्यांना नमस्कार करत हिंडत होते, दुसऱ्या दिवशी त्यांना गंमत यायला लागली. मी चांगला फटका मारला की ते फक्त बॅगेचा पट्टा नीट करायचे, ती त्यांची शाबासकी. ग्रीनवर मात्र त्यांचे हात रिकामे रिकामे असायचे. झेंडा काढून झाला की काय करावं त्यांना कळेना, टॉवेलच घडी करत राहायचे. सकाळी लवकर खेळायची पाळी होती तेव्हा ग्रीन कोरे होते, म्हणून ते दोन दिवस निभावले.

तिसऱ्या दिवशी माझी पाळी सगळ्यात शेवटी आली. मी छान खेळत होते. सतरा खड्डे झाले तेव्हा लोकांच्या बोलण्यावरून मला कळलं होतं की मी रेघेच्या आत आहे, अगदी जरा, पण आत. शेवटच्या ग्रीनवर माझा चेंडू खड्ड्यापासून खाटेच्या लांबीएवढ्या अंतरावर थांबला. दिवसभर सगळ्या मुली त्याच ग्रीनवरून गेल्या होत्या आणि गवत खिळ्यांच्या बुटांनी ओरखडून निघालं होतं, उचकटलेली मुळं वर आली होती. मी उतार बघायला खड्ड्याच्या पलीकडं गेले, पाठ करून. माझ्यासोबत खेळणारी चंडीगडची मुलगी आपल्या कॅडीशी बोलत होती. मी वळले तेव्हा अप्पा गुडघ्यांवर बसले होते. ओल्या टॉवेलची घडी हातात, आणि चेंडूपासून खड्ड्यापर्यंत उलटे सरकत, तळव्यानं एकेक ओरखडा दाबत दाबत ते वाट काढत होते. किती सफाईनं! एक मूळ वर राहिलं नव्हतं. खड्ड्यापाशी पोचले, कडेला सरकले, सावली बाजूला आहे ना ते बघितलं आणि माझ्याकडं बघून म्हणाले, "हं, मार."

चंडीगडची मुलगी हळूच म्हणाली, अंकल, नहीं. ओरडली नाही ती. पण पंच बाई तिथंच कडेला छत्री घेऊन उभ्या होत्या आणि त्यांनी बघितलं होतं. त्या आल्या. चांगल्या होत्या बोलायला, त्यांनाही ते जड गेलं असावं. त्यांनी मला बाजूला घेऊन दंड सांगितला, आणि मला माहीत आहे असं मी म्हटलं. अप्पांना कुणी काही सांगितलं नाही, पण त्यांना कळलं. मी त्यांच्या चेहऱ्याकडं बघितलं आणि पटकन दुसरीकडं बघितलं, तेवढ्यात जे दिसलं ते अजून डोळ्यासमोरून जात नाही. मग मी चेंडू मारला. तो अप्पांच्या वाटेनं सरळ गेला आणि खड्ड्यात पडला. दोन फटके वाढले आणि मी एका फटक्यानं रेघेच्या बाहेर राहिले. वाट काढली नसती आणि माझा तो फटका हुकला जरी असता, तरी कार्ड मिळालं असतं.

परतीच्या एसटीत अप्पा खिडकीशी बसले. नगरला गाडी थांबली तेव्हा मी चहा आणला, तो त्यांनी हातात धरून ठेवला आणि गार झाल्यावर पिऊन टाकला. धपाट्यांचा डबा तसाच होता. मी त्यांना सांगत राहिले की असं होतं, मोठमोठ्यांचं होतं, मीच आधी सांगायला पाहिजे होतं. ते हं हं करत होते. गंगापूरच्या फाट्याला वगैरे त्यांनी पहिल्यांदा तोंड उघडलं. म्हणाले, "म्या हात आवरायला पायजे व्हता." मायला सगळं मीच सांगितलं. मला वाटलं होतं ती वाळूजचं काढेल. तिनं अप्पांकडं बघितलं, डबा उघडून बघितला, आणि म्हणाली, पोरी, पुढच्या वेळी जाऊ दे हिला, वाळूज कुठं पळून जात नाय. नवऱ्याकडं बघून बोलताना ती मलाच पोरी म्हणत होती आणि मलाच हिला म्हणत होती, इतकी ती गडबडली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मैदानावर खर्र असा आवाज नेहमीसारखा येत होता. संध्याकाळी मी शेवटच्या ब्राऊनवर गेले. पोतेरं कडेला टेकवून ठेवलेलं होतं आणि अप्पा सायकल घेऊन घरी निघून गेले होते. त्या दिवसापासून त्यांनी माझ्यासाठी वाट ओढली नाही. भांडण नाही, अबोला नाही. घरात हसायचे, माझ्या ताटात शेंगदाण्याची चटणी वाढायचे, बुटाची लेस तुटली तर शिवून द्यायचे. फक्त मी काठी हातात घेतली की ते तिथं नसायचे. मीच वाट ओढायची, दांडा ठेवायची आणि चेंडूसमोर उभी राहून थांबायची. मोर ओरडायचे. बाकी कुणी काही म्हणायचं नाही.

पुढच्या वेळी मला कार्ड मिळालं. पुण्याचाच एक कॅडी होता, हुशार होता. मी शेजारच्यांच्या फोनवर फोन केला, अप्पांना बोलावून आणलं, आणि सांगितलं की झालं. ते म्हणाले, "झालं? बरं झालं." माय नंतर सांगायची, त्या दिवशी ते शहरात जाऊन इमरती घेऊन आले आणि गल्लीत दारोदार वाटत सुटले, ज्यांच्याशी बोलणं नव्हतं त्यांनाही. पण मैदानावर ते आले नाहीत. दिल्ली, कोलकाता लांब म्हणून सोडून दे, पुण्यात दरसाल स्पर्धा असायची. कधी गुडघा दुखायचा, कधी रजा नसायची, निवृत्त झाल्यावर शेवग्याला पाणी कोण घालणार हे निघालं. मी लई गावं बघितली. हॉटेलच्या खोल्यांमधली धुतलेली चादर, साबणाचा वास, कपडे धुऊन इस्त्री करून कागदात. कितीदा वाटायचं की सगळं सोडून त्या मागच्या दोरीखाली जाऊन उभं राहावं. ज्याच्यासाठी एवढा जीव टाकला ते मिळालं होतं आणि ज्याला दाखवायचं तो माणूस बघायला येत नव्हता. एकदा एक मोठी स्पर्धा जिंकले, पहिल्यांदाच, आणि बक्षीस घेताना मला इतकं रडू आलं की लोक म्हणाले, आनंदाश्रू. असू दे त्यांचं.

मग एका वर्षी तो नियमच बदलला. गोल्फचे नियम ठरवणाऱ्यांना वाटलं की ग्रीनवरचे ओरखडे दुरुस्त करायला काय हरकत आहे, आता खुशाल दाबा. मी तेव्हा घरी होते, पाठीच्या दुखण्यानं. बातमी वाचली आणि तशीच मागच्या अंगणात गेले. अप्पा बाजेवर बसून शेवग्याच्या शेंगा निवडत होते. मी सांगितलं, अप्पा, तुम्ही तेव्हा केलं ते आता चालतं, नियम बदलला. त्यांनी शेंग खाली ठेवली. आमच्यात त्या दिवसाबद्दल एवढ्या वर्षांत एक अक्षर बोललं गेलं नव्हतं. ते शांतपणे विचार करून म्हणाले, "मग ते दोन परत देतेत का?" मी म्हटलं, नाही देत. "आन् कार्ड तर हाय ना तुझ्याजवळ?" आहे म्हटलं. "मग त्यांना म्हणावं, ठिवा तुमच्याजवळच." आणि पुन्हा शेंग उचलली. मला हसू आवरेना, मग तेही हसले, आणि हसता हसता त्यांनी डोळे पुसले. तेवढ्यात मी विचारून घेतलं, की उद्या सकाळी माझ्यासोबत याल का?

छावणीतलं मैदान आता बदललंय. सांडपाणी शुद्ध करून आणतात, ब्राऊन काढून टाकले, गवत लावलं. रिक्षातून उतरल्यावर अप्पा नाक वर करून वास घेत राहिले. नव्या माळ्यानं त्यांना ओळखलं नाही. शेवटच्या ग्रीनवर, जिथं आमचा शेवटचा ब्राऊन होता तिथं, आदल्या संध्याकाळच्या बुटांचे ओरखडे तसेच होते. मी चेंडू टाकला, खाटेच्या लांबीवर. अप्पांनी चेंडूकडं बघितलं, मग चारी बाजूंना बघितलं, कुणी हटकतंय का ते. गुडघ्यावर बसणं त्यांना जमत नव्हतं, म्हणून मांडी घालून खालीच बसले. खिशातला रुमाल काढला, पण तो बाजूला ठेवला आणि नुसत्या तळव्यानं एकेक ओरखडा दाबत, बूड मागं सरकवत सरकवत खड्ड्याकडं निघाले. मोर ओरडत होते. त्यांना वेळ लागत होता आणि तो संपू नये असं मला वाटत होतं. खड्ड्यापाशी पोचल्यावर ते एका हातावर भार देऊन कडेला झाले, आपली सावली बघितली, ती आणखी जरा ओढून घेतली आणि म्हणाले, "हं, मार."

मला मारता येईना. हातात काठी, समोर चेंडू, आणि चेंडू दिसतच नव्हता, सगळं पाणी पाणी झालेलं. अप्पा म्हणाले, "रडायलीस कामून? मार की, ऊन चढायलंय." मी मारला. चेंडू निघाला तोच वाकडा, खड्ड्याच्या बाजूनं पार पुढं निघून गेला. आयुष्यात इतका भिकार फटका मी मारला नव्हता.

ही त्यांची आणि माझी मैदानावरची शेवटची सकाळ. त्यांनी पुण्याला यायचंही कबूल केलं होतं, तिथं चप्पल चालते का म्हणून विचारून ठेवलं होतं. पण त्यानंतर लॉकडाऊन लागलं, सगळंच बंद पडलं आणि मैदानं उघडली तोवर अप्पा राहिले नव्हते. मायनं मागची दोरी अजून काढलेली नाही, तिच्यावर काही वाळत नाही तरी. मला त्यांची आठवण येते म्हणणं कमी आहे. मी रोज इथं हिरव्यागार गवतावर चेंडूसमोर उभी राहते आणि रोज थांबते. आणि तेव्हा मला ती सकाळ ऐकू येते. चेंडू लांब जाऊन थांबला होता, मी तोंडावर हात धरून उभी होते, आणि अप्पा गवतावर मांडी घालून बसल्या बसल्या आपण काढलेल्या वाटेकडं एक डोळा मिटून बघत होते. पार खड्ड्यापासून चेंडूच्या जागेपर्यंत त्यांनी नजर नेली आणि मागं आणली.

"वाट तर सरळ व्हती, सुजा," ते म्हणाले. "तूच वाकडं मारलंस."